गिम्प ३.० आणि मराठी स्मरणिका: सहा महिन्यांच्या वापरानंतर

गिर्यारोहकांच्या एका छोट्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेची मांडणी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. यंदा मुखपृष्ठ, आतली छायाचित्रे आणि जाहिराती हे सगळे काम मी गिम्प या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरच्या ३.० या आवृत्तीवर केले. ही आवृत्ती १६ मार्च २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्या आधीची २.१० ही २०१८ सालची, म्हणजे वापरणाऱ्यांनी जवळजवळ सात वर्षे वाट पाहिली. स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू केलेले हे सॉफ्टवेअर आजही पूर्णपणे मोफत आहे, आणि ज्या संस्थांना दरमहा वर्गणी भरणे परवडत नाही त्यांच्यासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. माझे मत आधीच नोंदवतो: छायाचित्रांसाठी गिम्प उत्तम आहे, मराठी मथळ्यांसाठी ते काळजीपूर्वक वापरल्यास भरवशाचे आहे, पण छापखान्यात जाणारी शेवटची फाइल मात्र त्यातून काढू नये.

नव्या आवृत्तीतला सर्वांत मोठा बदल असा की, फिल्टर, म्हणजे सावलीसारखा परिणाम, आता मूळ चित्रात कायमचा मुरत नाही. पूर्वी मथळ्याच्या अक्षरांना सावली दिली आणि नंतर शुद्धलेखनाची चूक सापडली, तर मजकूर दुरुस्त करताच केलेली सजावट पुसली जाई. गिम्पमध्ये चित्राचे भाग एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर असतात; आता या थरांच्या यादीत त्या थरापुढे ‘एफएक्स’ अशी खूण दिसते, तिच्यावर टिचकी मारली की लावलेले फिल्टर दिसतात, आणि ते बंद करता येतात, बदलता येतात, वरखाली करता येतात. आमच्या मुखपृष्ठाचा मथळा समितीने चार वेळा बदलला आणि चारही वेळा सावली जागच्या जागी राहिली. फक्त फिल्टरच्या चौकटीतला ‘मर्ज फिल्टर’ हा पर्याय निवडलेला नाही याची खात्री करून घ्यावी आणि काम गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपातच जतन करावे. जेपीजी किंवा पीएनजी हवी असेल तर ‘सेव्ह’ नव्हे, ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’ वापरावे लागते. नव्याने आलेला माणूस हमखास इथे अडतो.

जुन्या मोहिमांची छायाचित्रे दुरुस्त करताना मी एक पद्धत कटाक्षाने पाळली. मूळ छायाचित्रावर एक रिकामा पारदर्शक थर घ्यायचा, ‘हील’ हे साधन निवडून ‘सॅम्पल मर्ज्ड’ हा पर्याय चालू करायचा, आणि कंट्रोल धरून जवळच्या स्वच्छ भागावर टिचकी मारून मग ओरखडे बुजवायचे. अशी सगळी दुरुस्ती वेगळ्या थरावर राहते आणि मूळ छायाचित्राला धक्का लागत नाही. पिवळट छटा ‘लेव्हल्स’ने काढता येते. मात्र छायाचित्र मिळवतानाच दक्षता घ्यायला हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र लहान होऊन येते, आणि लांब बाजू १६०० पिक्सेल उरली असेल तर ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ते जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर लांबीचेच नीट छापले जाते. म्हणून सभासदांना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असे मी आधीच कळवतो. पूर्ण ए-चार पानासाठी २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात.

आता मराठी मजकुराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्यासाठी खरी कसोटी तीच आहे. युनिकोड मराठीची जोडाक्षरे, वेलांट्या आणि रेफ गिम्प व्यवस्थित मांडते. तरीही पहिल्या दिवशी मथळ्यातला ‘ल’ मला खटकला. तो हिंदी वळणाचा, दंडाचा होता. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले आहेत आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांना तीच वळणे ओळखीची आहेत. उपाय गिम्पमध्येच आहे, पण सहसा कोणी तिकडे बघत नाही. मजकूर साधनाच्या पर्यायांमध्ये ‘लँग्वेज’ नावाची चौकट असते. तिथे मराठी भाषा निवडली की, ज्या फॉन्टमध्ये ही वळणे अंतर्भूत आहेत त्यांत, उदाहरणार्थ नोटो सान्स देवनागरीत, ‘ल’ आणि ‘श’ तत्काळ मराठी होतात. हे पहिल्यांदा डोळ्यांसमोर घडले तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

दुसरी अडचण टंकलेखनाची आहे. आमच्या एका लेखाचे शीर्षक ‘दऱ्याखोऱ्यांतले गिर्यारोहण’ असे होते. यात ‘गिर्यारोहण’मध्ये रेफ हवा आणि ‘दऱ्याखोऱ्यां’मध्ये अर्धा ‘ऱ’. साधा ‘र’ वापरल्यामुळे पहिल्या मुद्रितात ‘दर्याखोर्यांतले’ असे उमटले आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र झाला. हा दोष सॉफ्टवेअरचा नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ची कळ दाबावी म्हणजे ‘ऱ’ मिळतो, त्याला हलन्त जोडून पुढे ‘या’ लिहावे. तिसरी सूचना अक्षरांमधील अंतराविषयी. इंग्रजी मथळ्यासारखे ते वाढवू नये, कारण शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. मथळा रुंद हवा असेल तर बलू किंवा मुक्ता या फॉन्टचा जाड प्रकार घ्यावा. निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर गिम्प काही न सांगता दुसरा फॉन्ट लावते, हेही लक्षात ठेवावे.

काही गोष्टी त्रासदायक आहेत. वर्तुळ काढण्याचे सरळ साधन नाही, लंबवर्तुळाकार निवड करून ‘स्ट्रोक सिलेक्शन’ करावे लागते. मजकूर सरकवायला जावे तर अक्षरांच्या मधल्या पोकळीत टिचकी पडून मागचे छायाचित्रच हलते. सरकवण्याच्या साधनात निवडलेलाच थर हलवण्याचा पर्याय ठेवला की हे थांबते. ब्रश अचानक चालेनासा झाला तर बहुधा कुठेतरी लहानशी निवड राहून गेलेली असते, तेव्हा कंट्रोल-शिफ्ट-ए दाबावे.

छपाईच्या बाबतीत मात्र मी कडक मत देतो. गिम्प ३.० मध्ये सीएमवायके, म्हणजे छपाईच्या निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांच्या, रंगांचा अंदाज पडद्यावर पाहता येतो आणि टिफसारख्या स्वरूपात सीएमवायके फाइलही काढता येते, परंतु काम आरजीबीतच, म्हणजे पडद्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांतच, चालते. आमच्या पहिल्या मुद्रितात छायाचित्रांखालच्या आठ पॉइंटांच्या ओळी धूसर आल्या, त्याचे कारण हेच. आरजीबीतला काळा रंग छपाईसाठी रूपांतरित होताना चारही शायांमध्ये विभागला जातो, आणि कागद केसभर जरी सरकला तरी बारीक अक्षरांच्या कडांना रंगीत पदर सुटतो. त्यानंतर मी गिम्पमधून फक्त छायाचित्रे ३०० पीपीआयच्या टिफ फाइलींत काढली, पाने स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावली आणि सगळा मजकूर तिथेच शंभर टक्के निव्वळ काळ्या शाईत ठेवला. स्क्रायबस हेही मोफत आहे आणि त्याची १.६ ही आवृत्ती देवनागरी नीट मांडते. छापखान्यातल्या संगणकावर आपले फॉन्ट असतील याचा भरवसा नसल्याने पीडीएफ काढताना अक्षरांच्या बाह्यरेषा करण्याचा पर्याय मी निवडला. दुसऱ्या मुद्रितात त्याच आठ पॉइंटांच्या ओळी भिंगाखाली पाहिल्या तेव्हा ‘ऱ्या’चा अर्धा ‘ऱ’सुद्धा स्वच्छ उमटला होता.