गच्ची आणि कठड्याच्या सांध्यातली ओल: एक पूर्ण पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

रत्नागिरीत आमचं घर 1996 चं, जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, वर आरसीसी स्लॅब आणि स्लॅबवर परत चिऱ्याचाच अडीच फुटी कठडा. गेल्या एप्रिलमध्ये गच्चीच्या कडेचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं, आता फेब्रुवारी चालू आहे, म्हणजे दहा महिने झाले आणि मधे एक अख्खा पावसाळा गेला. काम झाल्या झाल्या लिहिण्यात अर्थ नव्हता म्हणून थांबले.

त्रास होता आईच्या खोलीत. पश्चिमेच्या भिंतीला वर, जिथे छत आणि भिंत मिळतात तिथे, कोपऱ्यापासून साधारण चार फूट लांब ओलीचा पट्टा. दर जुलैत रंगाला फुगे यायचे, गणपतीपर्यंत पोपडे पडायचे, दिवाळीला आम्ही खरवडून पुट्टी आणि रंग मारायचो आणि पुढच्या वर्षी परत तेच. असं तीन वर्षं केलं. कपाटातल्या साड्यांना कुबट वास यायला लागला आणि बाबांच्या फोटोच्या फ्रेममागे काळी बुरशी धरली तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं, आईला आधीच दम्याचा त्रास आणि ती रात्रभर त्याच भिंतीकडे डोकं करून झोपते.

तिसऱ्या वर्षी एकाला कॉन्ट्रॅक्ट दिलं होतं, त्याने अख्ख्या गच्चीला रोलरने पांढरं कोटिंग मारलं. गच्ची छान चमकली, ओल जिथल्या तिथे. नंतर लक्षात आलं की त्याने कोटिंग कठड्याच्या पायाशी नेऊन थांबवलं होतं, आणि पाणी नेमकं तिथूनच जात होतं. पैसे गेले ते गेलेच, पण त्यापेक्षा एक पावसाळा वाया गेला याचं जास्त वाटतं.

तर मुद्दा हा की आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, साहित्य नंतर. आम्ही काय केलं ते सांगते कारण यात फक्त वेळ लागतो, खर्च जवळपास नाही. पहिलं म्हणजे ओलीच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ मारायची आणि बाजूला तारीख लिहायची. मी जून ते सप्टेंबर दर रविवारी हे केलं, शेवटी भिंतीवर नकाशासारख्या एकात एक रेघा झाल्या, आणि त्यातून कळलं की डाग सरळ धारेच्या पावसात फारसा वाढत नाही, वाऱ्याचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी वाढतो. आमच्याकडे वारा नैर्ऋत्येकडून, झड थेट कठड्यावर बसते. मग प्लास्टिकचा दोन फुटी तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवला, दोन दिवसांनी बघितलं तर पाणी प्लास्टिकच्या मागे होतं, खोलीच्या बाजूला नाही. म्हणजे हा हवेतला दमटपणा नव्हे, पाणी भिंतीतूनच येतंय.

मग मार्चमध्ये, सगळं कोरडं असताना, गच्चीवर पाणी साठवून बघितलं. हे सुचवलं आमच्या गवंडी मामांनी, साठी उलटलेले आहेत आणि जांभ्याच्या घरांचं काम आयुष्यभर केलंय. त्यांनी कडेपासून दीड फूट सोडून चिखलाचा बांध घातला आणि फक्त मधल्या भागात दोन इंच पाणी भरून 48 तास ठेवलं. खाली काहीच नाही. मग ते पाणी काढलं आणि पश्चिमेच्या कठड्याच्या पायाशी ओली गोणपाटं टाकून त्यावर नळी अगदी बारीक सोडून ठेवली. पाच तासांनी मी खाली टॉर्च तिरकी धरून बघत होते, पेन्सिलच्या रेघेच्या बाहेर भिंत आधी नुसती गार लागली, मग रंग किंचित गडद झाला. मामा म्हणाले, "ताई, स्लॅब चांगला आहे, सांधा पाणी पितोय." तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नेमकं कारण दाखवलं होतं.

कारण साधं आहे. स्लॅब उन्हात तापून वाढतो आणि रात्री आकसतो, तीस फुटी स्लॅब दिवसभरात दोनेक मिलिमीटर तरी हलतो. कठडा स्वतंत्र बांधलेला, तो त्याच्याबरोबर तसाच हलत नाही, मग मधे केसासारखी भेग पडते. वर जांभा सच्छिद्र, त्यामुळे कठड्याच्या माथ्यावरूनही पाणी मुरतं आणि आतल्या आत उतरून खाली स्लॅबशी येतं. म्हणून नुसती गच्ची रंगवून भागत नाही.

काम असं केलं. सांध्यातला जुना गिलावा फोडून भेग इंचभर खोल मोकळी केली, ब्रश मारून धूळ काढली, पॉलिमर घातलेल्या मॉर्टरने भरली आणि त्यावर तीन इंची गोल वाटा (कोपऱ्यातला गोलसर भराव) मारला म्हणजे काटकोन राहत नाही आणि पाणी तिथे तुंबत नाही. मग दोन भागांचं सिमेंट-पॉलिमर कोटिंग, गच्चीवर फूटभर आणि कठड्यावर फूटभर, पहिल्या हातात (थरात) फायबरची जाळी दाबून बसवायची, दुसरा हात आडवा. इथे एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा, मजूर कोटिंग घट्ट वाटलं की अंदाजाने पाणी ओततात, ते अजिबात करू देऊ नका. पावडर आणि लिक्विड वजनाने मोजून घ्यायचं आणि कालवलं की अर्ध्या-पाऊण तासात संपवायचं. मी दोन दिवस सुट्टी टाकून वजनकाटा घेऊन गच्चीवर बसले होते. कठड्याच्या माथ्याला आतल्या बाजूला उतार दिला, बाहेर थोडा पुढे काढून खाली खाच ठेवली म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता तिथूनच ठिबकतं. साहित्य, मजुरी सगळं धरून 34,000 झाले. पत्र्याच्या शेडचं कोटेशन 2 लाख 10 हजारांचं होतं. शेड वाईट नाही, कोकणात बरेच जण घालतात, पण आईला वाळवणाला ऊन हवं होतं.

आतून घाई केली नाही. खराब गिलावा काढला, लोणा, म्हणजे भिंतीवर येणारा पांढरा क्षार, कोरड्या ब्रशने झाडला (पाण्याने धुतला तर परत भिंतीत जातो), आणि भिंत पावसाळा संपेपर्यंत उघडीच ठेवली. दिसायला वाईट दिसायचं, पाहुणे विचारायचे, पण त्यामुळे भिंत वाळली आणि काम टिकलंय का तेही रोज दिसत राहिलं.

जून-जुलैत भिंत पूर्ण कोरडी राहिली. ऑगस्टमध्ये सलग चार दिवस झड होती, मी रात्री दोनदा उठून हात लावून बघितला, कोरडी. त्या रात्री आई म्हणाली, "आता झोप गं तू." दिवाळीनंतर नवा गिलावा केला आणि त्यावर साधा श्वास घेणारा, म्हणजे भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देणारा, रंग दिला, प्लास्टिक पेंट मुद्दाम टाळला. कुबट वास गेलाय.

सगळंच जमलंय असं नाही. वाट्यावर पाण्याच्या पाइपाजवळ एक बारीक तडा दिसतोय, तिथे जाळी नीट बसली नव्हती. आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात सप्टेंबरमध्ये हाताच्या पंजाएवढा नवा डाग आला. वर जाऊन बघितलं तर कपड्याच्या दोरीसाठी ठोकलेली लोखंडी खुंटी, कोटिंग तिच्याभोवती आलंय पण खुंटी गंजून फुगलीय आणि तिच्या कडेने पाणी आत जातंय. काम चालू असताना ती काढायला हवी होती, माझ्याही लक्षात आलं नाही. मार्चमध्ये मामा येऊन ती कापून भोक भरणार आहेत आणि तड्यावरही परत जाळी घालणार आहेत. दोरीसाठी सुट्टा स्टँड आणून ठेवलाय, डागाभोवती पेन्सिलची रेघ मारलीय.