‘आफ्रिकन सव्हाना’ म्हणून विकलेली घोरपड

‘सव्हाना मॉनिटर, पिल्लू, कागदपत्रांसह, २२,००० रुपये’ अशी जाहिरात जळगाव-धुळ्याकडच्या कुणाला दिसली, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. सव्हाना मॉनिटर म्हणजे आपल्या घोरपडीचा आफ्रिकेतला भाऊबंद. मला जे विकलं ते आफ्रिकेचं नव्हतंच.

सगळी रक्कम यूपीआयने आगाऊ घेतली. जनावर आलं खासगी ट्रॅव्हल्सच्या पार्सलमधून, भुसावळला, ऐन मे महिन्यात. कापडी पिशवीत बांधून खोक्यात कोंबलेलं. आपल्याकडचा मे कसा असतो ते सांगायला नको. तो जीव वाचला कसा, हेच नवल.

घर मी आधीच बांधून ठेवलं होतं. आठ बाय चार फुटांची प्लायवूडची पेटी आणि तळाला दोन फूट माती, कारण सव्हाना बीळ खणतो. एका टोकाला हॅलोजन, त्याखालचा दगड ५० अंशांच्या वर तापेल असा. दुसरं टोक गार. वर यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा. विक्रेता म्हणे, “एवढं कशाला भाऊ, तीन फुटी काचेची टाकी पुष्कळ झाली. रोज उकडलेलं अंडं टाका.” हा प्राणी मीटरभर वाढतो आणि मुख्यतः किडे, विंचू, गोगलगाई खातो. त्याच्याबद्दल असा सल्ला देणाऱ्याने तो कधी पाळलेलाच नसतो.

खोकं उघडलं तेव्हा आमचा सालदार शेजारीच उभा होता. बघताक्षणी म्हणाला, “हाई ते आपली घोरपड शे, भाऊ.” सव्हानाचं डोकं आखूड आणि रुंद, अंग जाडजूड, शेपूट जेमतेम अंगाएवढं. खोक्यातल्या जनावराचं तोंड निमुळतं, अंग सडपातळ, शेपूट अंगाहून लांब.

विक्रेत्याला फोन केला तर त्याचा सूरच बदलला. “तक्रार कर ना. घोरपड तुझ्या घरात आहे, आत तूच जाशील.” सगळा धंदा या धमकीवर चालतो. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे आणि ती बाळगल्याची शिक्षा ३ ते ७ वर्षांची, म्हणून फसलेला माणूस गप्प बसतो.

त्याने पाठवलेला कागद म्हणजे २०२० च्या स्वेच्छा-घोषणा योजनेची (परदेशी प्राणी पाळणाऱ्याने स्वतःहून सरकारला कळवायची) पोच होती, तीही परराज्यातल्या भलत्याच माणसाच्या नावाची. परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ मध्ये आले. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर विकणाऱ्याच्या स्वतःच्या नावाने त्या प्राण्याची नोंद नसेल, तर बोलणं तिथेच थांबवा. आणि घोरपडीला तर कुठलाच कागद चालत नाही.

मी त्याच दिवशी वनविभागाला कळवलं. पंचनामा झाला, घोरपड त्यांनी ताब्यात घेतली. पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, अजून काही परत आलेलं नाही.

तुमच्याकडे असं पिल्लू आलंच असेल तर घाबरून बांधावर सोडू नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. चॅट, खोकं, पिशवी, पावती, काहीच फेकू नका. माझ्या पार्सलच्या पावतीवर माल चढवल्याचं गाव छापलेलं होतं; चौकशी तिथूनच सुरू झाली.