घराच्या कामाला माणूस निवडताना: मिस्त्री, कंत्राटदार की ॲपवरची सेवा?

छताला ओलीचा डाग दिसला की पहिला फोन कोणाला करायचा, इथूनच गोंधळ सुरू होतो. शेजारी एका मिस्त्रीचं नाव देतात, नातेवाईक म्हणतात एकाच कंत्राटदाराला सगळं देऊन टाका, आणि तासाभरात माणूस पाठवणारी सेवा मोबाइलवर तयारच असते. तिन्ही ठिकाणी प्रामाणिक कारागीर भेटतात आणि तिन्ही ठिकाणी लोक फसतातही. फसलेल्यांच्या हकिकती नीट ऐकल्या, तर बहुतेक वेळा एकच गोष्ट समोर येते: पैसे कामाच्या पुढे धावले होते. म्हणून ही तुलना करताना मी तोच निकष धरला आहे. काम रखडलं किंवा बिघडलं, तर अडकलेला पैसा कोणाचा असेल, तुमचा की काम करणाऱ्याचा?

तिघांत फरक काय

ओळखीतून आलेल्या मिस्त्रीचं बळ हे, की दर सांगणारा आणि हातात थापी धरणारा माणूस एकच असतो. काम कसं होईल याचा अंदाज त्याच्याशी पंधरा मिनिटं बोलून येतो. त्याची मर्यादाही तिथेच आहे. गवंडीकाम उत्तम करणारा माणूस प्लंबिंगला कोणाला तरी बोलावणार, आणि त्या दुसऱ्याची हमी तो देईलच असं नाही. शिवाय मिस्त्री मंडळी एका वेळी दोन-तीन साइट धरतात. तुमचं बाथरूम तोडून झालं आणि तिकडे मोठं काम निघालं, की 'उद्या येतो' सुरू होतं. काम सुरू होण्याआधी पैसे थोडेच दिले असतील, तर तो परत येतो. निम्मे देऊन बसला असाल, तर फोन लावत बसावं लागतं.

शिफारस विचारतानाही प्रश्न नेमका हवा. 'काम कसं केलं?' याला सगळे 'छान केलं' म्हणतात, कारण नवी टाइल चकचकीतच दिसते. विचारायचं ते असं: काम कधी केलं, त्यानंतर एखादा पावसाळा गेला का, काही बिघडलं तेव्हा बोलावल्यावर तो आला का? दोन वर्षांपूर्वीचं एक काम बघायला मिळालं, तर कालच्या दहा कामांपेक्षा त्यातून जास्त कळतं. टाइल्सवर बोटांच्या पेरांनी टकटक करा. खाली मसाला नीट बसलेला नसेल तर आवाज पोकळ येतो. भिंतीच्या पायथ्याशी पांढरे क्षार फुटले असतील, तर ओल अजून आत आहे.

कंत्राटदाराची गरज एकापेक्षा जास्त कारागीर लागतात तिथे पडते. बाथरूमचंच घ्या. तोडफोड, पाइप, पाइपची चाचणी, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून चाचणी, टाइल्स, फिटिंग, गीझरची वायरिंग, हा क्रम एका ठिकाणी चुकला की मागचं सगळं उकलावं लागतं. क्रम सांभाळण्याचे पैसे कंत्राटदार घेतो, आणि ते घेण्यात गैर काही नाही. धोका असतो तो काम खाली दुसऱ्याला देण्यात. बोलायला आलेला माणूस नंतर दिसतच नाही, आणि साइटवर येतात त्यांना तुमच्याशी काय ठरलंय याचा पत्ता नसतो. म्हणून ठरवतानाच विचारा: रोज साइटवर कोण असेल, प्लंबर तुमचा कायमचा आहे का, त्याची मजुरी कोण देणार? कोटेशनवरचं नाव, बिलावरचं नाव आणि पैसे ज्या खात्यात मागितले ते नाव, ही तिन्ही जुळली पाहिजेत. न जुळणं हा मी सगळ्यात वाईट इशारा मानते. उद्या तक्रार करायची झाली तर ती कोणाविरुद्ध, हेच सिद्ध करता येत नाही.

ॲपवरची सेवा छोट्या, ठरावीक मापाच्या कामांना उत्तम: नळाचा वॉशर, पंखा, गीझरचं एलिमेंट, तुंबलेला सिंक. दर आधी दिसतो, आलेल्या माणसाची नोंद राहते, पैसे बहुतेकदा नंतर द्यायचे असतात आणि तक्रारीला जागा असते. माझ्या निकषावर ही सेवा पहिली येते. पण तिथले तारे वाचताना एक लक्षात घ्या. ग्राहक ते काम संपल्याबरोबर देतो. माणूस वेळेवर आला, नीट बोलला, केर काढून गेला, एवढंच त्यातून कळतं. वॉटरप्रूफिंग वर्षभर टिकलं का, हे तारे सांगूच शकत नाहीत. दुसरी गोष्ट सुट्या भागांची. 'बोर्ड गेलाय, बदलावा लागेल' असं सांगितलं की जुना भाग परत मागा आणि नव्याचं खोकं डोळ्यांसमोर उघडायला लावा. आणि आलेला माणूस 'ॲपवरून रद्द करा, मी बाहेरून स्वस्तात करतो' म्हणाला, तर तुमची नोंद, हमी आणि तक्रारीची जागा तिन्ही त्याच क्षणी जातात. थोड्या बचतीसाठी हे करू नये.

दर ठरवण्याच्या पद्धती

ठोक रक्कम, मापावर दर आणि रोजंदारी अशा तीन पद्धती चालतात. काम स्पष्ट असेल तर ठोक बरी, पण तिच्यात काय धरलंय ते लिहिलेलं हवं, नाही तर माणूस मटेरियलमध्ये हात आखडतो. रोजंदारी फक्त अशा कामाला, जिथे आत काय निघेल ते कोणालाच माहीत नाही, आणि घरात लक्ष द्यायला कोणी आहे.

मापावरचा दर प्रामाणिक वाटतो, पण खोट मापातच लपते. 10 बाय 12 फुटांची, 10 फूट उंचीची खोली घ्या. चारही भिंतींचा घेर 44 फूट, म्हणजे भिंती 440 चौरस फूट. दार आणि खिडकी वजा केली की साधारण 400 उरतात. छत 120. रंगाऱ्याच्या कागदावर नुसत्या भिंतींचे 520 लिहिले असतील, तर त्याने छत त्यात धरलंय की माप फुगवलंय, हे तिथेच विचारा. रंगाचंही तसंच. डब्यावर एक लिटरमध्ये किती जागा रंगते ते छापलेलं असतं. दोन हातांना लिटरमागे 60 चौरस फूट लिहिलं असेल, तर 400 चौरस फुटांना 7 लिटरच्या आसपास रंग लागतो. 12 लिटरचं बिल आलं तर हिशेब मागायचा, आणि 4 लिटरमध्ये काम उरकलं तर दुसरा हात मारलेलाच नाही.

मटेरियल आपण आणायचं की त्याने, यात माझं मत असं: टाइल्स, नळ, स्वीच, रंग हे आपण आणावं, सिमेंट, वाळू, पाइप, वॉटरप्रूफिंगचं केमिकल त्याला आणू द्यावं, पण कंपनी आणि प्रकार लिहून घ्यावा. केमिकल तुम्ही आणलंत आणि गळती झाली, तर 'तुमचंच मटेरियल' हे उत्तर तयार असतं.

दोन कोटेशन शेजारी ठेवून

बाथरूममधून खालच्या छताला ओल येतेय, असं समजा. पहिल्या कोटेशनमध्ये एकच ओळ आहे: 'बाथरूम वॉटरप्रूफिंग व टाइल्स, मटेरियलसह, 10 वर्षं गॅरंटी', आणि खाली रक्कम. दुसरं दोन पानांचं आहे, रक्कमही जास्त. त्यात लिहिलंय: तोडफोड करून राडारोडा खाली नेणं, पाइपचा प्रकार आणि जाडी, पाइप बुजवण्याआधी दाबाची चाचणी, वॉटरप्रूफिंगचं नाव, किती हात, भिंतीवर किती उंचीपर्यंत, जाळीभोवतीचे कोपरे कसे भरणार, 24 तास पाणी भरून चाचणी, टाइल्सचा गृहीत धरलेला दर, आणि कशाचा समावेश नाही.

या दोन रकमांची तुलनाच होत नाही. पहिल्याला दुसऱ्याचीच यादी द्या आणि प्रत्येक ओळ भरून मागा. रक्कम वाढते किंवा माणूस वैतागतो. दोन्हींतून तुम्हाला हवं ते कळतं. दाबाची चाचणी म्हणजे पाइप भिंतीत झाकण्याआधी लाइनमध्ये नेहमीच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब देऊन ठेवणं. काटा उतरला तर कुठला तरी जोड गळतोय. ती टाळणारा माणूस तुमच्या भिंतीच्या आत पैज लावतोय. आणि 10 वर्षांच्या गॅरंटीत काय येतं हे लिहिलं नसेल, तर तिला शून्य धरा. केमिकल कंपनीची हमी बहुतेक वेळा मालापुरती असते, मजुरी आणि पुन्हा टाइल्स फोडण्याचा खर्च त्यात नसतो.

पण कोटेशनच्याही आधीची पायरी लोक गाळतात: गळती नेमकी कुठून येतेय? ओल दिवसरात्र सारखीच असेल, तर संशय सतत दाबाखाली असलेल्या पाण्याच्या लाइनवर. सगळे नळ बंद करून मीटर बघा; काटा फिरत असेल तर लाइनच गळतेय. बाथरूम वापरल्यावरच ओल वाढत असेल, तर निचऱ्याचा पाइप किंवा फरशीचे सांधे. पाऊस पडल्यावरच वाढत असेल, तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. जाळी बंद करून फरशीवर पाणी साठवलं आणि ओल वाढली, तर फरशी. नाही वाढली, तर पाणी पाइपात सोडून बघायचं. एवढं करायला दोन दिवस आणि थोडा धीर लागतो. जो माणूस यातलं काहीही न विचारता 'सगळं फोडायला लागेल' म्हणतो, त्याला कारण शोधायचंच नाहीये. मी तर दुसऱ्या कोणाला तरी फक्त कारण शोधण्याचे पैसे देऊन बोलवावं असं सांगेन. काम त्यालाच मिळणार नाही हे आधी सांगितलं, की निदान जास्त खरं येतं.

विजेच्या कामात थोडक्यात एवढंच: परवाना असलेलाच वायरमन. तो आल्यावर अर्थिंग तपासतो का, आणि विजेची गळती झाल्यावर वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा ब्रेकर आहे का हे बघतो का, यावरून त्याची पारख होते. इथे स्वस्तात काम करून घेण्याचा विचारही नको.

फसवणुकीच्या ओळखीच्या चाली

दारावर येऊन 'शेजारी काम चालू आहे, मटेरियल उरलंय, स्वस्तात करून देतो' म्हणणारा. वादळानंतर गल्लीत फिरत 'तुमच्या छपराचे पत्रे सुटलेत' सांगणारा. 'आज ठरवलंत तरच हा दर' म्हणणारा. तिघांनाही एकच गोष्ट नको असते, ती म्हणजे तुम्ही विचार करायला घेतलेला वेळ. दारावरच्या सौद्यात माणूस घाईत सापडतो हे कायदे करणाऱ्यांनीही ओळखलं आहे. युरोपीय संघात असा करार 14 दिवसांत, तर अमेरिकेत 3 कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतो. छपराचं कोणी सांगितलं तर आधी स्वतः फोटो मागा, आणि तो तुमच्याच छपराचा आहे ना ते बघा. अनोळखी माणसाला तपासायला वर चढवू नका. वर चढलेला माणूस पत्रा सैल करून खाली येऊ शकतो.

तोडफोड झाल्यावर 'आतून सगळं सडलंय' ही चाल जास्त अवघड, कारण कधी कधी ते खरंही असतं. त्यासाठी करारात आधीच एक ओळ हवी: वाढीव काम निघालं तर फोटो, लेखी दर आणि तुमचा होकार, त्यानंतरच हात लावायचा. मोबाइलवरचा मेसेजही चालतो.

आणि वेळेची खोटी आश्वासनं. सिमेंटची ताकद 28 दिवसांवर मोजतात. नव्या प्लास्टरला निदान आठवडाभर पाणी मारावं लागतं, आणि ते सुकल्याशिवाय रंग धरत नाही. 'चार दिवसांत प्लास्टर, रंग सगळं' म्हणणारा पोपडे सुटायच्या आत पैसे घेऊन गेलेला असतो.

पैसे कसे द्यावेत

कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या करारावर आगाऊ रक्कम कराराच्या 10 टक्के किंवा 1000 डॉलर, यांतली जी कमी असेल तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. आपल्याला तो कायदा लागू नसला, तरी 10 टक्के हा आकडा डोक्यात ठेवण्यासारखा आहे. मटेरियलला जास्त लागतात असं कोणी म्हणालं, तर दुकानदाराला तुम्ही थेट द्या आणि बिल तुमच्या नावावर घ्या. पुढचे हप्ते तारखेवर बांधू नका, टप्प्यावर बांधा: पाइपची चाचणी पास झाली की एक, पाणी भरून चाचणी पास झाली की दुसरा, टाइल्स झाल्यावर तिसरा. शेवटचे 10 ते 15 टक्के काम संपल्यावर काही आठवडे राखून ठेवायचे, आणि हे सुरुवातीलाच लिहून घ्यायचं. शेवटी अचानक पैसे धरले तर तो अन्याय होतो. मजुरीवर घर चालवणाऱ्या मिस्त्रीला टप्पे लहान ठेवा आणि टप्पा झाला की त्याच दिवशी पैसे द्या. ठरल्या दिवशी पैसे मिळतात हे कळलेला मिस्त्री तुमची साइट सोडून जात नाही.

मग निवड कशी करावी? एका कारागिराचं, अर्ध्या दिवसाचं काम ॲपवरून. गवंडीकाम, रंग, सुतारकाम यांतलं एकच काम असेल, घरात लक्ष द्यायला कोणी असेल आणि जुनं काम बघितलेलं असेल, तर मिस्त्री. पैसेही वाचतात आणि कामही जिवापाड होतं. बाथरूम, स्वयंपाकघर, गच्ची अशी तीन-चार हातांची कामं कंत्राटदाराला, दुसऱ्या कोटेशनसारखा कागद देणार असेल तरच. घरात कोणी थांबणार नसेल तर महाग असला तरी कंत्राटदारच, आणि भिंत बुजवण्याआधी पाइप आणि वायरच्या लाइनचे फोटो, बाजूला मापाची टेप धरून, रोज पाठवायची अट कागदावर घाला. पुढे कधी भिंतीला ड्रिल लावायचं झालं, तर हेच फोटो पाइप वाचवतील.