सेव्ह न केलेले बदल पकडायचे कसे : झेंडा, मूळ प्रत, हॅश की मसुदा?

दादर-माटुंग्याकडच्या एखाद्या जुन्या सोसायटीचं ऑफिस घ्या. संगणक एक, वापरणारे तीन : सेक्रेटरी, खजिनदार आणि संध्याकाळी दोन तास येणारा पगारी मॅनेजर. एकाने सभासदाची नोंद उघडी ठेवलेली असते, बंद करायला दुसराच बसतो. पडद्यावर प्रश्न येतो, ‘बदल सेव्ह करायचे का?’ बदल कुठला, हेच त्याला ठाऊक नसतं. अशा ऑफिसांसाठी डेटाबेसवर चालणारं अ‍ॅप्लिकेशन बनवत असाल, तर हा प्रश्न कधी विचारायचा हे आधी ठरवा. बाकी सगळं त्यावरून ठरतं.

सगळ्यात स्वस्त उपाय झेंड्याचा, म्हणजे डर्टी फ्लॅगचा. कुठल्याही रकान्यात काही टाइप झालं की झेंडा वर, सेव्ह झालं की खाली. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये तो आयताच मिळतो : फॉर्मची डर्टी प्रॉपर्टी खरी होते आणि नोंदीच्या डाव्या कडेला पेन्सिल दिसते. पण चुकून एक आकडा दाबला आणि लगेच पुसला, तरी झेंडा वरच राहतो. खोट्या इशाऱ्यांचा परिणाम लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोरासारखा होतो. आठवड्याभरात माणसं न वाचता ‘नाही’ दाबायला शिकतात आणि एक दिवस खरी दुरुस्ती तशीच जाते. अ‍ॅक्सेसची आणखी एक खोड आहे. पुढच्या नोंदीवर गेलात की तो आधीची नोंद न विचारता सेव्ह करतो. विचारायचंच असेल तर ते बिफोरअपडेट इव्हेंटमध्ये, म्हणजे नोंद सेव्ह होण्याच्या ऐन आधी, फॉर्म बंद करताना नव्हे. तोवर उशीर झालेला असतो.

माझं मत मूळ प्रतीच्या बाजूने आहे. नोंद उघडताना तिची एक प्रत बाजूला ठेवायची आणि बंद करताना रकान्यागणिक ताडून पाहायची. पुसून पुन्हा तेच लिहिलं तर फरक शून्य, प्रश्नही नाही. फरक असेल तर नेमका सांगता येतो : ‘फ्लॅट ३०२, मोबाईल नंबर बदलला आहे. सेव्ह करू?’ याला तिघांपैकी कोणीही उत्तर देऊ शकतो. कल्पना जुनीच आहे. अ‍ॅक्सेसच्या ओल्डव्हॅल्यूत (रकान्याची आधीची किंमत) हीच आहे, व्हिज्युअल फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामवर हात बसलेल्यांना ओल्डव्हॅल आठवेल, आणि हायबरनेट किंवा एंटिटी फ्रेमवर्क कोअर ही प्रोग्राम आणि डेटाबेस जोडणारी साधनंही आतून मूळ प्रतीशीच तुलना करतात.

मेहनत आहे ती तुलनेत. डेटाबेसमध्ये नल (म्हणजे काहीच भरलेलं नाही) आणि फॉर्मवर रिकामा मजकूर, हा फरक नव्हे. मेंटेनन्स १५०० आणि १५००.०० हाही नव्हे. वेबपानावरचा मोठा मजकूर-चौकोन ओळ संपल्याची दोन अक्षरी खूण वाचताना एकाक्षरी करून देतो, त्यामुळे पत्त्याला कोणी हात न लावताही तो बदललेला भासतो. मराठीत आणखी एक गंमत आहे. ‘कुऱ्हाडे’मधला ऱ युनिकोडच्या एका कोडनेही लिहिता येतो, आणि र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन कोडांनीही. हे दोन एनएफसी रूपात, म्हणजे युनिकोडने ठरवलेल्या एकसारख्या रूपात, एक होतात. तिसरी पद्धत र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर या न दिसणाऱ्या जोडचिन्हाची. तिला एनएफसी हात लावत नाही. मॅनेजरने वेगळ्या कीबोर्डवरून तेच आडनाव पुन्हा टाइप केलं, तर डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही आणि अ‍ॅप मात्र ‘बदल’ ओरडतं. म्हणून दोन्ही बाजू एकाच फंक्शनमधून गाळून मग ताडा, आणि त्या तिसऱ्या रूपाची सोय स्वतः करा.

हॅशबद्दल, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेल्या ठशाबद्दल, फार सांगण्यासारखं नाही. मजकूर केवढाही असो, एसएचए-२५६ ही हॅशची पद्धत त्याचा ६४ चिन्हांचा ठसा देते. बदल झाला एवढंच कळतं, कुठे ते नाही. स्कॅन केलेल्या करारनाम्यासारख्या जड फाइलला तो बरा. सभासदाच्या फॉर्मला उगाच.

इतिवृत्ताचं प्रकरण वेगळं. पानभर मजकूर लिहिताना प्रश्न विचारण्यापेक्षा मसुदा आपोआप जपलेला बरा, पण स्वतंत्र टेबलात. अर्धवट ठराव मूळ इतिवृत्तात गेला तर सभेत उत्तर द्यायला सेक्रेटरीलाच उभं राहावं लागेल. इथे झेंडा कामाचा आहे : तो वर असेल तरच मसुदा पाठवायचा. पान बंद होण्याआधी ब्राउझर देतो त्या बिफोरअनलोड इव्हेंटवर नुसतं विसंबू नका. २०१६ मधल्या क्रोम ५१ पासून तिथे तुमचं वाक्य दिसत नाही, ब्राउझरचं ठरावीक वाक्य येतं; अ‍ॅपमधल्याच दुसऱ्या मेनूवर गेल्यास, पान नव्याने लोड होत नसेल तर, तो इव्हेंट येतच नाही; मोबाईलवर तर भरवसाच नाही. पान नजरेआड होताना येणाऱ्या व्हिजिबिलिटीचेंजवर मसुदा जपा. आणि मजकुराचा एडिटर वापरत असाल तर मूळ प्रत तो पूर्ण लोड झाल्यावर घ्या, कारण बरेच एडिटर एचटीएमएल उघडतानाच आपल्या पद्धतीने मांडून घेतात.

नुसता झेंडा पुरेल तो फक्त अ‍ॅक्सेसच्या साध्या फॉर्मला, तोही भरणारा माणूस एकच असेल तर.

उद्या सोसायटीने दुसरा संगणक घेतला की दोघं एकच नोंद उघडतील. ते वरच्या कुठल्याच उपायाला कळत नाही. त्यासाठी नोंदीला आवृत्तीचा रकाना लागतो, एसक्यूएल सर्व्हरमध्ये रोव्हर्जन (दर बदलाला आपोआप बदलणारा), आणि सेव्ह करताना ‘आवृत्ती तीच असेल तरच’ ही अट. सेव्ह केल्यावर डेटाबेसने एकही ओळ बदलली नाही असं सांगितलं, म्हणजे मधे कोणीतरी लिहून गेलं किंवा नोंदच काढून टाकली. मूळ प्रत ठेवली असेल तर अशा वेळी तीन गोष्टी शेजारी-शेजारी दाखवता येतात : आधी काय होतं, तुम्ही काय लिहिलंत, आणि खजिनदाराने काय लिहिलं.