पोलिसांच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारा डेटाबेस आणि त्यामागचे विद्यार्थी

अमेरिकेत दरवर्षी किती पोलिसांना अटक होते, या साध्या प्रश्नाचे अधिकृत उत्तर तेथील केंद्र सरकारकडे नाही. देशभरातील गुन्ह्यांची आकडेवारी एफबीआय वर्षानुवर्षे प्रसिद्ध करत आली आहे. मात्र आरोपी स्वतः पोलीस असेल, तर त्याची वेगळी मोजदाद होत नाही. ओहायो राज्यातील बोलिंग ग्रीन स्टेट युनिव्हर्सिटीने हे काम अंगावर घेतले आणि त्यातून उभा राहिलेला ‘हेन्री ए. वॉलेस पोलीस क्राइम डेटाबेस’ २०१७ पासून सर्वांसाठी विनामूल्य खुला आहे. प्रा. फिलिप स्टिन्सन हे त्याचे सूत्रधार. ते पूर्वी स्वतः पोलीस अधिकारी होते आणि कायद्याचे पदवीधरही आहेत. परंतु बातम्या वाचून नोंदी करण्याच्या कामाचा मोठा भार पदवी व पदव्युत्तर वर्गांतील साहाय्यक विद्यार्थ्यांनी उचललेला आहे, आणि या डेटाबेसची विश्वासार्हता त्यांच्या काळजीपूर्वक वाचनावर उभी आहे, असे माझे ठाम मत आहे.

कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. पोलिसाच्या अटकेशी संबंधित ४८ शब्दप्रयोगांवर गूगलच्या सूचना (‘गूगल अ‍ॅलर्ट्स’, म्हणजे ते शब्द असलेली नवी बातमी आली की कळवणारी सोय) लावलेल्या असतात. त्यांतून येणाऱ्या बातम्यांमध्ये पोलिसांनी दुसऱ्याच कुणाला अटक केल्याच्या बातम्याही येणारच. त्या बाजूला काढणे ही पहिली चाळणी. उरलेल्या प्रत्येक प्रकरणात अधिकाऱ्याचा हुद्दा, नोकरीची वर्षे, घटनेच्या वेळी तो ड्यूटीवर होता की नव्हता, पीडित व्यक्तीचे वय व त्याच्याशी असलेले नाते, लावलेली कलमे असे तपशील ठरलेल्या संकेतांनुसार नोंदवले जातात. पुढे न्यायालयीन कागदपत्रे मिळवून खटल्याचे काय झाले आणि नोकरी राहिली की गेली, याचाही माग काढला जातो. लैंगिक, दारूशी संबंधित, अमली पदार्थांशी संबंधित, हिंसक आणि आर्थिक लाभासाठी केलेले असे गुन्ह्यांचे पाच प्रकार आहेत, आणि एकच प्रकरण एकाहून अधिक प्रकारांत मोडू शकते. दारूच्या नशेत पत्नीला मारहाण करणाऱ्या हवालदाराची नोंद दोन्हीकडे होते, आणि ते योग्यच आहे.

एका अधिकाऱ्याच्या गुन्ह्यात दोन पीडित असतील, तर ती दोन प्रकरणे धरली जातात. २००५ ते २०११ या काळाच्या अहवालात ६,७२४ प्रकरणे आणि ५,५४५ अधिकारी असे वेगवेगळे आकडे दिसतात, त्यामागे हे कारण आहे. वारंवार अटक झालेले अधिकारीही त्यात आहेत. हे ५,५४५ अधिकारी २,५२९ पोलीस यंत्रणांतील होते, म्हणजे हा प्रश्न दोन-चार बदनाम शहरांपुरता नाही. जवळपास निम्मी प्रकरणे हिंसेशी संबंधित होती. नोंदींमध्ये एकवाक्यता आहे का, हे तपासण्यासाठी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या सुमारे ५ टक्के प्रकरणांची नोंद दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्रपणे करून घेण्यात आली होती. एवढी काळजी घेतलेली असल्यामुळेच मी हा डेटाबेस वर्गात निर्धास्तपणे वापरते.

ही पद्धत प्रत्यक्षात किती कठीण आहे, हे कळावे म्हणून तृतीय वर्षाच्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्याची एक मराठी बातमी नोंदवायला दिली. तक्रारदाराकडे लाचेची मागणी, पडताळणी, तडजोडीअंती ठरलेली रक्कम आणि हवालदाराच्या सांगण्यावरून ती स्वीकारणारा खासगी इसम, असे तिचे नेहमीचे स्वरूप होते. आर्थिक लाभाचा गुन्हा, हे सर्वांनी एकमताने लिहिले. वाद सुरू झाला तो पुढे. मागणी पोलीस ठाण्यात झाली होती आणि पैसे रात्री चहाच्या टपरीवर घेतले गेले होते. मग हवालदार ड्यूटीवर होता असे धरायचे का? खासगी इसमाची नोंद करायची का? बोलिंग ग्रीनच्या निकषांनुसार शपथबद्ध पोलीस अधिकारीच मोजले जातात, त्यामुळे दुसरा प्रश्न सुटला. पहिल्यावर तास संपेपर्यंत चर्चा झाली आणि शेवटी एका विद्यार्थिनीने बातमी पुन्हा वाचून दाखवत, ‘यात त्याच्या ड्यूटीची वेळच दिलेली नाही, तर आपण ती गृहीत कशी धरणार?’ असे विचारले. संशोधन शिकवताना मला याहून चांगला प्रश्न मिळालेला नाही.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. जी अटक बातमीत आली नाही, ती येथे येत नाही. अमेरिकेत स्थानिक वृत्तपत्रे बंद पडत असताना ही उणीव वाढणारच. म्हणून येथील आकडे किमान मानावेत. केंद्रीय यंत्रणांचे अधिकारी यात नाहीत. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे नवख्या वाचकाच्या सहज लक्षात येत नाही. शिवाय खटल्यांचा निकाल लागेपर्यंत वाट पाहावी लागत असल्याने अलीकडच्या वर्षांसाठी हे साधन अपुरे पडते.

विद्यार्थ्यांच्या सहभागाबद्दल माझा एक आग्रह आहे. अमेरिकी विद्यापीठांत पदवीचे विद्यार्थी अशा प्रकल्पांत श्रेयांकांसाठी, मानधनावर किंवा निव्वळ स्वयंसेवक म्हणून येतात. काम विनावेतन असेल, तर शिकता शिकता नोकरी करणारे विद्यार्थी आपोआप बाहेर राहतात, आणि पोलिसांचा जाच ज्या वस्त्यांनी अधिक सोसला आहे तेथील मुलेही बहुधा त्यांतच असतात. बालकांवरील अत्याचारांची प्रकरणे आठवड्यामागून आठवडे वाचणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांशी कुणीतरी नियमितपणे बोलले पाहिजे. ही व्यवस्था प्रकल्पाच्या खर्चातच धरावी.

आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘क्राइम इन इंडिया’ या अहवालात पोलिसांविरुद्ध दाखल झालेल्या गुन्ह्यांचे राज्यवार तक्ते असतात, पण आकड्यामागचे प्रकरण दिसत नाही. महाराष्ट्राचा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळ्यांची खातेनिहाय आकडेवारी प्रसिद्ध करतो आणि त्यात पोलीस व महसूल ही खाती सहसा वरच्या क्रमांकांवर असतात. या नोंदी, जिल्हा वृत्तपत्रे आणि न्यायालयांच्या ‘ई-कोर्ट्स’ संकेतस्थळावरील खटल्यांची माहिती एकत्र केली, तर एखाद्या महाविद्यालयाला एका जिल्ह्यापुरते असे काम निश्चित सुरू करता येईल. समाजशास्त्र, विधी आणि पत्रकारितेच्या विभागांनी हा डेटाबेस जरूर वापरावा. सुरुवात राज्य व गुन्ह्याचा प्रकार निवडून एकेक प्रकरण वाचण्यापासून करावी, बेरजा नंतर पाहाव्यात.