पीआरची मोजणी कोणत्या तारखेपासून? कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया

मुंबईत परदेशी जाण्याचा विषय निघाला की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच प्रश्न येतो, "तिथे पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, किती वर्षांत होते?" उत्तरेही तोंडपाठ असतात : कॅनडात एक, जर्मनीत पावणेदोन, ऑस्ट्रेलियात दोन, ब्रिटनमध्ये पाच. यांपैकी कोणताही आकडा खोटा नाही. तरीही तेवढ्यावर निर्णय घेणे धोक्याचे आहे, कारण प्रत्येक देश ही वर्षे वेगळ्या दिवसापासून मोजतो आणि ती भरल्यानंतर अर्जदाराच्या हाती काय पडते, तेही सगळीकडे सारखे नाही.

कॅनडाच्या 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास'साठी, म्हणजे तेथे काम केलेल्यांच्या पीआर वर्गासाठी, अर्जापूर्वीच्या तीन वर्षांत तेथील एक वर्षाचा, म्हणजे १,५६० तासांचा, कुशल कामाचा अनुभव लागतो. आठवड्याला तीस तासांपर्यंतचेच काम धरले जाते, त्यामुळे साठ तास राबून सहा महिन्यांत वर्ष भरून काढता येत नाही. पूर्णवेळ शिकत असताना केलेली नोकरी आणि स्वतःचा व्यवसाय तर मोजणीत येतच नाहीत. माझ्या भाचीने मुलुंडहून निघण्यापूर्वी आखलेल्या वेळापत्रकात शिक्षणाच्या दोन वर्षांतील अर्धवेळ नोकरीचे तास जमा धरले होते, कारण सल्लागाराने तसे सांगितले होते. ते सगळे तास नंतर खोडावे लागले आणि अर्जाची तारीख वर्षभर पुढे गेली.

शिवाय वर्ष भरले की केवळ पात्रता येते, अर्ज करण्याचे निमंत्रण येत नाही. ही निमंत्रणे देणाऱ्या एक्स्प्रेस एन्ट्री पद्धतीत गुणांची चढाओढ असते आणि २०२५ मध्ये या वर्गाच्या निमंत्रण-फेऱ्या पाचशेच्या वरच्या गुणांवर थांबल्या. अविवाहित उमेदवाराला वयाचे ११० गुण विसाव्या वर्षापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत मिळतात. तिसाव्या वर्षी १०५, बत्तिसाव्या वर्षी ९४ आणि पंचेचाळीस पूर्ण झाली की शून्य. एकोणतिसाव्या वर्षी दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेली व्यक्ती अनुभवाचे वर्ष पूर्ण करीपर्यंत बत्तिशी गाठते. तेथील शिक्षणाचे आणि अनुभवाचे गुण ही घट भरून काढतात, हे खरे. पण मधल्या काळात शिक्षणानंतरचा, जास्तीत जास्त तीन वर्षांचा आणि आयुष्यात एकदाच मिळणारा वर्क परमिट संपत चाललेला असतो. नोकरीच्या ऑफर लेटरने गुण वाढतात हा सल्ला अजूनही ऐकू येतो, पण ते गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत. फ्रेंच चांगले येत असेल, तर मात्र त्या भाषेच्या स्वतंत्र फेऱ्यांत बऱ्याच कमी गुणांवर निमंत्रण मिळालेले आहे.

जर्मनीत चढाओढ नाही, आणि माझ्या दृष्टीने हाच निर्णायक फरक आहे. ब्लू कार्डवर, म्हणजे पदवीधर कुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या परवान्यावर, काम करणाऱ्याला, जर्मन भाषेची बी१ (मध्यम) पातळी असल्यास २१ महिन्यांनी आणि ए१ (प्राथमिक) असल्यास २७ महिन्यांनी, कायमच्या परवान्यावर कायद्याने हक्क सांगता येतो. मात्र त्या काळात पेन्शनची वर्गणी भरलेली असावी लागते. वयाचे गुण येथे नाहीत. अडचण आहे ती प्रवेशाशी : मान्य पदवी आणि ठरावीक पगाराची नोकरी आधी हातात हवी, आणि २०२५ साठी सर्वसाधारण पगारमर्यादा वर्षाला ४८,३०० युरो होती. मोजणी ब्लू कार्डवरील नोकरीपासून होत असल्यामुळे काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकण्यात घालवलेले महिने तिच्यात धरले जात नाहीत, पण बी१ येथूनच करून गेलेल्याचे तेथले सहा महिने वाचतात. मोठ्या शहरांत परकीय नागरिक कार्यालयाची भेटीची वेळ मिळायलाच काही महिने जातात, ते वेगळे.

ऑस्ट्रेलियाचा नोकरीमार्गे जाणारा रस्ता कंपनीच्या हाती असतो. मान्यताप्राप्त कंपनीत तीन वर्षांपैकी दोन वर्षे काम झाले की ती १८६ क्रमांकाच्या कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी नामांकन करू शकते. वय सर्वसाधारणपणे पंचेचाळीसच्या आत हवे. ७ डिसेंबर २०२४ पासून वेगवेगळ्या मान्यताप्राप्त कंपन्यांतील काळ एकत्र धरला जातो, त्यामुळे नोकरी बदलली की पुन्हा शून्यापासून सुरुवात ही जुनी भीती उरलेली नाही. पण नामांकन करायचे की नाही, हे कंपनीच ठरवते. ब्रिटनबद्दल एवढेच, की पदवीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसाचा काळ कुशल कामगार मार्गाच्या पाच वर्षांत धरला जात नाही आणि मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेने ही पाच वर्षे सर्वसाधारणपणे दहा करण्याचा प्रस्ताव मांडला.

ज्यांचे आईवडील येथे एकटे राहतात, त्यांनी पीआर मिळाल्यानंतरचा नियमही आजच वाचावा. कॅनडात पाच वर्षांत ७३० दिवस राहिले की दर्जा टिकतो, म्हणजे तत्त्वतः तीन वर्षे मुंबईत काढता येतात. जर्मनीचा कायमचा परवाना सलग सहा महिने, आणि ब्लू कार्डमार्गे मिळालेला असल्यास बारा महिने, देशाबाहेर राहिल्यास सहसा रद्द होतो. वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष घरी थांबावे लागले, तर हा फरक २१ महिन्यांच्या आकड्यापेक्षा मोठा ठरतो.

म्हणून तिशी ओलांडलेल्या, हाती अनुभव असलेल्या आणि भाषा शिकण्याची तयारी असलेल्या अभियंत्याला मी जर्मनी सुचवीन. पंचविशीतल्या, इंग्रजीत उत्तम गुण असलेल्याला कॅनडा अजूनही परवडते, मात्र भाषेच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षे चालतो, हे धरून त्याने ती वेळेवर पुन्हा द्यावी.

कागदपत्रांच्या बाबतीत घाईसुद्धा अंगाशी येते. भाचीने निघण्यापूर्वीच मालाडच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून सोबत नेले होते. कॅनडाला मात्र पूर्वीच्या देशातले वास्तव्य संपल्यानंतर दिलेले प्रमाणपत्र लागते. निमंत्रण आल्यावर अर्जासाठी साठ दिवस असतात. त्यांतले पहिले काही दिवस तिने त्याच कागदाची नवी प्रत मिळवण्यात घालवले.