सोयाबीन सपाट पेरायचं की गादीवाफ्यावर, म्हणजे दोन सऱ्यांमधल्या उंच पट्ट्यावर?
इंदूरकडची आमची जमीन काळी, चिकण. 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरलं तरी पुढे चार दिवस झड लागली की सपाट रानात पाणी तुंबतं, मुळांना हवा मिळत नाही, रोप पिवळं पडतं, उपटून बघा, मुळं तपकिरी आणि मऊ लागतात हाताला. गादीवाफ्यावर तेच पाणी सरीतून निघून जातं, दाणा 3-4 सेंटीमीटरवर भुसभुशीत मातीत राहतो आणि नंतर पावसाने दडी मारली तर सरीतली ओल कामी येते. सपाट पेरणी स्वस्त, झटपट, उताराच्या हलक्या रानात मी तीच करेन. पण सखल रानात बीबीएफ यंत्र, म्हणजे रुंद गादीवाफे आणि सऱ्या पाडत पेरणारं यंत्र, भाड्याने का होईना आणाच, इथली सोयाबीन संशोधन संस्थाही तेच सांगते. फक्त सरीचं तोंड नाल्याकडे उघडं ठेवा.